नामदार गोखले आणि तीन पौंडांचा हिशेब

बारावीच्या परीक्षेत मी गोखल्यांवर चार ओळी लिहिल्या होत्या. ते मवाळ होते, अर्ज-विनंत्यांवर त्यांचा भर होता, त्यांनी भारत सेवक समाज काढला आणि गांधीजी त्यांना राजकीय गुरू मानीत. चारही ओळी बरोबर होत्या आणि त्यांचे गुणही मिळाले. पण लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे माणूस असा कोणी नव्हता. पागोटे, उपरणे आणि चष्मा असलेला एक छापील चेहरा तेवढा होता, शाळेच्या भिंतीवर ओळीने लावलेल्या इतर चेहऱ्यांसारखा.

यंदा द्वितीय वर्षाला इतिहासाच्या सरांनी प्रत्येकाला एकेका व्यक्तीवर टिपण लिहून आणायला सांगितले. शिवाजी महाराज, डॉ. आंबेडकर, सावित्रीबाई ही नावे पहिल्या पाच मिनिटांतच संपली. माझे नाव हजेरीपटात पार खाली असल्याने माझ्या वाट्याला नामदार गोपाळ कृष्ण गोखले आले. खरे सांगायचे तर मी हिरमुसले. ग्रंथालयातून जाड चरित्रे घरी नेली आणि दोन दिवस ती फळीवर तशीच पडून होती. तिसऱ्या दिवशी वाचायला बसले, तेव्हा पहिल्याच प्रकरणात एक आकडा भेटला : आठ रुपये. पुढे बऱ्याच पानांनंतर दुसरा आकडा भेटला : तीन पौंड. टिपण केव्हाच देऊन झाले, पण हे दोन आकडे काही माझ्या डोक्यातून गेले नाहीत, म्हणून हा लेख.

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या त्यांच्या आजोळी झाला. हे गाव आज गुहागर तालुक्यात आहे. मूळ घर चिपळूणकडच्या ताम्हनमळ्याचे. वडील कृष्णराव नोकरीसाठी घाट चढून कोल्हापूरजवळच्या कागलला गेले. तिथे आधी कारकून आणि मग फौजदार झाले. १८७९ साली ते वारले तेव्हा गोपाळ तेरा वर्षांचा होता. थोरला भाऊ गोविंदराव त्या वेळी शिकत होता. त्याने शिक्षण सोडले आणि कागललाच पंधरा रुपये पगाराची नोकरी धरली. त्या पंधरातले आठ रुपये तो दरमहा कोल्हापूरला शिकणाऱ्या गोपाळला पाठवी. उरलेल्या सात रुपयांत बाकीचे घर चाले.

इथे मला थोडे स्वतःविषयी सांगितले पाहिजे. रेवदंडा आणि मुरूड यांच्या मधल्या किनाऱ्यावर आमचा कोळीवाडा आहे. आमच्या घरात कॉलेजचे तोंड पाहणारी मी पहिलीच. बाबांचे गुडघे गेल्यापासून त्यांचे समुद्रावर जाणे बंद झाले. दादाने दहावीनंतर शाळा सोडली आणि दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी म्हणून लागला. माझी फी, एस.टी.चा पास आणि पुस्तके त्याच्या हिश्शातून येतात. जून-जुलैत मासेमारीला बंदी असते आणि कॉलेजची फी नेमकी त्याच दिवसांत भरावी लागते. तेव्हा दादा कुठून पैसे आणतो हे तो सांगत नाही आणि मीही विचारत नाही. गोविंदरावांचे ते आठ रुपये वाचताना मला पुस्तक मिटून थोडा वेळ बाहेर जाऊन बसावे लागले. गोपाळरावांचे पुतळे आहेत, त्यांच्या नावाच्या संस्था आहेत, रस्ते आहेत. गोविंदरावांचा फोटोदेखील मला कोणत्या पुस्तकात सापडला नाही.

गोपाळचे शिक्षण या आठ रुपयांवर काटकसरीने झाले. एका मित्राने त्याला नाटकाला नेले आणि मागाहून तिकिटाचे दोन आणे मागितले. ते फेडण्यासाठी त्याने दिव्याचे तेल वाचवले आणि रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास केला, अशी आठवण चरित्रांतून येते. मला वाटते, पैसा हा आकडा नसून कोणाचे तरी जेवण असते हे या मुलाला फार लवकर कळले असावे. १८८४ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून तो बी.ए. झाला तेव्हा त्याचे वय अवघे अठरा होते. म्हणजे माझ्याहून एक वर्षाने लहान. मी अजून द्वितीय वर्षालाच आहे!

पुढची वीस वर्षे थोडक्यात सांगते, कारण ती सर्वांनी वाचलेली असतात. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये ते शिक्षक झाले, मग डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य आणि फर्ग्युसन कॉलेजात प्राध्यापक. पगार पंच्याहत्तर रुपये ठरलेला आणि बांधिलकी वीस वर्षांची. त्यांनी लिहिलेले अंकगणिताचे पुस्तक शाळाशाळांतून चाले. न्यायमूर्ती रानडे त्यांना गुरू लाभले. रानड्यांनी त्यांना सरकारी अहवाल, जमाखर्च आणि शेतसाऱ्याचे तक्ते वाचायला शिकवले. शिष्याने काही लिहून आणले की गुरू ते पुन्हा पुन्हा तपासून घेत. या शिस्तीचा उपयोग पुढे कुठे झाला ते येईलच.

एक प्रसंग मात्र टाळून पुढे जाता येत नाही. १८९७ साली गोखले वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडला गेले होते. त्याच वेळी पुण्यात प्लेगची साथ होती आणि घरतपासणीच्या नावाखाली गोऱ्या सोजिरांनी लोकांवर जुलूम चालवला होता. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे गोखल्यांनी तिथल्या वर्तमानपत्रात स्त्रियांवरील अत्याचारांचे गंभीर आरोप जाहीर केले. परत आले तेव्हा पुरावा उभा करायला कोणी पुढे येईना. पत्रे लिहिणाऱ्यांची नावे उघड करायची नाहीत असे ठरवून त्यांनी स्वतः जाहीर माफी मागितली. लोकांनी त्यांना भेकड म्हटले. त्यांनी माफी मागायला हवी होती की नको यावर आमच्या वर्गात दोन तट पडले. मला अजून ठरवता आलेले नाही. पण त्यानंतर त्यांनी तोंडातून काढलेला प्रत्येक आकडा आधी दहा वेळा पारखलेला असे, हे खरे.

१९०२ पासून ते व्हाइसरॉयच्या कायदे कौन्सिलात बसू लागले. नामदार ही पदवी तिथली. आणि याच कौन्सिलात तो तीन पौंडांचा हिशेब मांडला गेला. पण त्यासाठी आधी समुद्रापलीकडे जायला हवे.

दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीत उसाच्या मळ्यांवर राबायला हिंदी मजूर नेणे १८६० साली सुरू झाले. त्या वर्षी १६ नोव्हेंबरला पहिले जहाज डरबनला लागले. करार पाच वर्षांचा. अ‍ॅग्रिमेंट या शब्दाचे मजुरांनी गिरमिट केले आणि ते स्वतः झाले गिरमिटिये. १९११ पर्यंत दीड लाखाहून अधिक माणसे अशी गेली. त्यांतली बहुतेक मद्रास आणि कलकत्त्याच्या बंदरांतून गेली. त्यांच्यामागून व्यापारी, फेरीवाले, शिंपी, स्वयंपाकी असे लोक स्वतःचे भाडे भरून गेले, आणि त्यांत कोकणातले मुसलमानही होते. आमच्या गावापासून दोन-तीन मैलांवरच्या मोहल्ल्यात एक बंद घर आहे. दाराला जाड कुलूप आणि ओट्यावर वाळत घातलेली सुकट. लहानपणापासून आम्ही त्याला केपटाउनवाल्यांचे घर म्हणत आलो. केपटाउन कुठे आहे हे मला हे टिपण लिहिताना नीट कळले.

मजूर हवे होते, माणसे नको होती. करार संपलेला हिंदी मजूर मोकळा होऊन जमिनीचा तुकडा कसू लागला, भाजी विकू लागला, तेव्हा गोऱ्या वसाहतवाल्यांना तो डोळ्यांत खुपू लागला. १८९५ साली नाताळने कायदा केला. करार संपल्यावर एकतर परत गिरमिटात जा, नाहीतर मायदेशी जा, आणि दोन्ही नको असेल तर वर्षाला तीन पौंड भरून राहण्याचा परवाना घ्या. पुढे हा कर मुलांनाही लावला गेला. मुलगा सोळा वर्षांचा आणि मुलगी तेरा वर्षांची झाली की तिच्या नावावर तीन पौंड. मी तेरा वर्षांची असताना सातवीत होते.

गोखल्यांचे अंकगणिताचे पुस्तक मला मिळाले नाही, पण एक गणित मी स्वतः मांडून पाहिले. नवरा, बायको आणि दोन मोठी मुले अशा घराला वर्षाचे बारा पौंड भरावे लागत. गिरमिटातल्या मजुराचा पगार महिन्याला दहा शिलिंगांपासून सुरू होई आणि पाचव्या वर्षी चौदा शिलिंगांवर जाई. म्हणजे पाचव्या वर्षीचा पुरा पगार झाला आठ पौंड आठ शिलिंग. त्या काळच्या पंधरा रुपयांना एक पौंड या दराने बारा पौंडांचे होतात एकशे ऐंशी रुपये. गोविंदरावांचा पगार महिना पंधरा, वर्षाचा एकशे ऐंशी. ज्या पगारातून एक घर जगले आणि एक गोखले शिकला, तेवढी सगळी रक्कम त्या मजुराच्या घराकडून केवळ तिथे राहण्याबद्दल मागितली जात होती. हा योगायोग गोखल्यांच्या लक्षात आला होता की नाही कोण जाणे. मला मात्र ते उत्तर वहीत पाहून दचकायला झाले.

शेजारच्या ट्रान्सवाल वसाहतीत आणखी निराळी तऱ्हा. तिथल्या कायद्यात हिंदी, चिनी असा भेद नव्हता, सगळ्यांना मिळून एकच शिक्का, आशियाई. १९०६ साली तिथे असा वटहुकूम निघाला की प्रत्येक आशियाई माणसाने आपली नोंद करावी, बोटांचे ठसे द्यावेत आणि परवाना सतत जवळ बाळगावा. त्याच्या मसुद्यात आठ वर्षांवरची मुलेही होती. गुन्हेगारांचे घेतात तसे ठसे तिसरीतल्या पोराचे! ११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्गच्या एका नाट्यगृहात हिंदी लोकांनी हा कायदा न पाळण्याची शपथ घेतली. सत्याग्रहाची सुरुवात ती. या लढ्यात तिथले चिनी लोकही तुरुंगात गेले. १९०८ साली जी पहिली तडजोड झाली तिच्या पत्रावर गांधीजींबरोबर थंबी नायडू आणि चिनी पुढारी लिअंग क्विन यांच्याही सह्या होत्या. ही गोष्ट आमच्या पाठ्यपुस्तकात नव्हती. असायला हवी होती असे मला का वाटते, ते पुढे सांगते.

गांधीजी आणि गोखले यांची पहिली भेट १८९६ साली पुण्यात झाली होती. तेव्हापासून आफ्रिकेतल्या तारा आणि पत्रे पुण्याला येत राहिली. २५ फेब्रुवारी १९१० रोजी गोखल्यांनी कौन्सिलात ठराव आणला की नाताळसाठी मजुरांची भरती बंद करावी. मवाळांच्या अर्ज-विनंत्यांना हसण्याची आपल्याकडे पद्धत आहे, पण सरकारला हा ठराव मान्य करावा लागला आणि १९११ च्या जुलैपासून नाताळला मजूर जाणे थांबले. १९१२ च्या मार्चमध्ये त्यांनी सगळीच गिरमिट पद्धत बंद करण्याचा ठराव मांडला. तो सरकारी मतांनी पडला. फिजी, त्रिनिदाद इथल्या मळ्यांवर माणसे जातच राहिली. ती भरती थांबायला १९१७ साल उजाडले.

दुसरे काम पैशाचे. सत्याग्रही तुरुंगात गेला की त्याच्या बायकामुलांनी खायचे काय? गोखल्यांनी हिंदुस्थानात निधी जमवायला सुरुवात केली. १९०९ साली रतन टाटांनी पंचवीस हजार रुपये दिले, आणि हे टाटा म्हणजे जमशेटजींचे धाकटे चिरंजीव. पुढच्या वर्षी कॅलनबाख नावाच्या जर्मन मित्राने जोहान्सबर्गपासून एकवीस मैलांवरची आपली जमीन दिली आणि तिथे टॉलस्टॉय फार्म उभा राहिला. तुरुंगात गेलेल्यांची कुटुंबे तिथे एकत्र राहत आणि मुलांना स्वतः गांधीजी शिकवीत. इकडून गेलेला पैसा तिथल्या चुलींपर्यंत पोहोचला.

२२ ऑक्टोबर १९१२ रोजी गोखले स्वतः केपटाउनला उतरले. तेव्हा त्यांना मधुमेहाने पोखरलेले होते. सरकारने त्यांच्या दिमतीला रेल्वेचा खास डबा दिला, जागोजागी स्वागत झाले, कमानी उभारल्या गेल्या. जिथे सामान्य हिंदी माणसाला वरच्या वर्गाच्या डब्यातून खाली उतरवत, तिथे हा एक हिंदी माणूस सरकारी डब्यातून फिरत होता. या विसंगतीने ते फुलून गेले नाहीत. जाईल तिथे माणसांच्या तक्रारी ऐकून घेत, टिपून ठेवीत.

जोहान्सबर्गला एक मजा झाली. तिथल्या सभेला कोकणी मुसलमान आणि काही महाराष्ट्रीय हिंदू येणार होते. गांधीजींनी आग्रह धरला की गोखल्यांनी मराठीतून बोलावे आणि आपण त्याचे हिंदुस्थानीत भाषांतर करू. गोखल्यांना हसू आले. गांधीजींचे हिंदुस्थानी कसे आहे हे त्यांना ठाऊक होते, आणि मराठीची तर बातच नको. पण ते मराठीतून बोलले, भाषांतर पसंत पडले आणि मग थेट झांजिबारपर्यंत हाच शिरस्ता राहिला. इतक्या दूर, परक्या मुलखात, आपल्या खाडीकिनाऱ्यांवरून गेलेल्या त्या माणसांनी आपल्या भाषेतले व्याख्यान ऐकले असेल तेव्हा त्यांना काय वाटले असेल? त्या केपटाउनवाल्यांच्या घरातले कोणी त्या सभांना असेल का, असा बालिश विचारही माझ्या मनात येऊन गेला.

टॉलस्टॉय फार्मवर जाताना स्टेशनपासून दीड मैल चालायचे होते. वाटेत पाऊस आला, ते भिजले आणि त्यांना थंडी बाधली. फार्मवर सगळे जमिनीवर झोपत. गांधीजींनी त्यांच्यासाठी खाट आणवायचे ठरवले, तर त्यांनी साफ नकार दिला आणि सर्वांसारखेच जमिनीवर अंथरूण घालायला लावले. पाय चेपून घ्यायलाही ते तयार होईनात.

१४ नोव्हेंबरला प्रिटोरियात जनरल बोथा, जनरल स्मट्स आणि फिशर या मंत्र्यांशी त्यांची भेट झाली. गोखले बाहेर आले ते तीन पौंडांचा कर जाणार असा शब्द मिळाल्याच्या समजुतीने. गांधीजींना त्या शब्दाचा भरवसा वाटेना, आणि तेच खरे ठरले. पुढच्या वर्षी स्मट्स यांनी असा काही शब्द दिल्याचे नाकारले. एका पाहुण्याला दिलेले वचन मोडले यापेक्षा हिंदी माणसाला दिलेले वचन पाळायची गरज वाटली नाही, हे मला अधिक झोंबले.

१९१३ साल तर थेट घराच्या उंबऱ्यात आले. मार्चमध्ये केपच्या न्यायालयात न्यायमूर्ती सर्ल यांनी निकाल दिला की ख्रिस्ती पद्धतीने न झालेले आणि सरकारदरबारी न नोंदलेले लग्न तिथे कायदेशीर नाही. एका फटक्यात हिंदू, मुसलमान, पारशी बायका बेकायदा ठरल्या आणि त्यांची मुले अनौरस. मग बायका बाहेर पडल्या. कस्तुरबा आणि त्यांच्या सोबतच्या स्त्रिया सप्टेंबरात तुरुंगात गेल्या. नाताळमधील कोळशाच्या खाणींतले मजूर तीन पौंडांच्या करासाठी संपावर गेले. ६ नोव्हेंबरला ट्रान्सवालच्या हद्दीकडे जो मोर्चा निघाला त्यात २,०३७ पुरुष, १२७ स्त्रिया आणि ५७ मुले होती. वाटेत दोन तान्ही बाळे दगावली. एकाला थंडी बाधली, दुसरे ओढा ओलांडताना आईच्या हातून निसटले. आया रडत थांबल्या नाहीत, चालत राहिल्या. वल्लिअम्मा नावाची सोळा वर्षांची तमिळ मुलगी तुरुंगातून ताप घेऊन बाहेर आली आणि फेब्रुवारी १९१४ मध्ये वारली.

या सगळ्या दिवसांत गोखले हिंदुस्थानात अंथरुणाला खिळल्यासारखे होते, पण तारांचा ओघ चालू होता. कोण पकडले, कोणाला मार बसला, किती घरे उघड्यावर पडली हे रोज त्यांच्याकडे येई, आणि ते वर्तमानपत्रांकडे आणि व्हाइसरॉयकडे जाई. आजारी अंगाने ते निधीसाठी हिंडले. नोव्हेंबरात व्हाइसरॉय हार्डिंग मद्रासला जाहीरपणे आफ्रिकेतल्या हिंदी लोकांच्या बाजूने बोलले. ब्रिटिश साम्राज्याच्या एका बड्या अधिकाऱ्याने साम्राज्याच्याच दुसऱ्या सरकारवर टीका करावी हे नवल होते, आणि त्यामागे गोखल्यांची चिकाटी होती. त्यांनीच अँड्र्यूज आणि पिअर्सन यांना तिकडे धाडले. चौकशी आयोगापुढे साक्ष द्यावी असे गोखल्यांचे मत होते, गांधीजींनी बहिष्कार टाकला. गोखल्यांना ते लागले, पण पैसा आणि पाठिंबा त्यांनी एक दिवसही थांबवला नाही. मतभेद झाला की वर्गणी बंद, ही आपल्या मंडळांतली रीत त्यांना माहीत नसावी.

जून-जुलै १९१४ मध्ये तिथे कायदा झाला. तीन पौंडांचा कर रद्द, मागची थकबाकी माफ, आणि आपल्या धर्माप्रमाणे झालेले लग्न मान्य. बाकीची बंधने बरीच राहिली. पण तेरा वर्षांच्या मुलीवरचा कर गेला.

आता ते चिनी पुढाऱ्याचे राहिले. १९०३ साली धारवाडच्या सामाजिक परिषदेत गोखले अस्पृश्यतेविरुद्ध बोलले होते. तिथे त्यांनी रानड्यांची एक आठवण सांगितली. आफ्रिकेतल्या आपल्या बांधवांवरील अन्यायाने सगळे संतापलेले असताना रानड्यांनी सभेतच विचारणा केली होती की आपण आपल्याच देशातल्या खालच्या मानलेल्या जातींना जसे वागवतो, त्याकडे कधी पाहणार. गोखल्यांना तो प्रश्न विसरता आला नाही. आपल्याच जिल्ह्यात, महाडला, चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी १९२७ साली सत्याग्रह करावा लागला, म्हणजे प्रश्न चोवीस वर्षांनीही तसाच होता.

मलाही तो विसरता येत नाही, आणि त्याचे कारण सांगायला मला लाज वाटते. मी आठवीत असताना आमच्या वर्गात एक नेपाळी मुलगी होती. तिचे आईवडील किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात कामाला होते. ती मराठी आमच्यासारखेच बोलायची, लंगडी आमच्याहून छान खेळायची. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या बातम्या येऊ लागल्या तेव्हा मुलांनी तिला चायनीज म्हणायला सुरुवात केली, मग कोरोना. ती आली की नाकाला रुमाल लावायचे. मी स्वतः काही म्हटले नाही, पण हसले. मोठ्याने हसले, हे मला पक्के आठवते. त्याच आठवड्यात शाळा बंद झाल्या. पुन्हा उघडल्या तेव्हा ती आली नाही आणि हॉटेलातली त्यांची खोलीही रिकामी होती. आशियाई हा शिक्का डोळ्यांच्या ठेवणीवरून आम्हीही मारला होता, आणि मारणारे आम्ही स्वतःच आशियाई. पुढे एका शहरात वक्तृत्व स्पर्धेसाठी मुक्कामाला गेले असताना एका मुलीने मासळीचा वास येतो म्हणून माझी पिशवी खोलीबाहेर ठेवली. तेव्हा मला पहिल्यांदा त्या मुलीची आठवण झाली. तोपर्यंत झाली नव्हती, हेही खरे.

मुलांविषयी गोखल्यांनी केलेले आणखी एक काम सांगायचे आहे. १६ मार्च १९११ रोजी त्यांनी कौन्सिलात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. ज्या गावाशहरांची स्थानिक संस्था तयार असेल तिथे सहा ते दहा वर्षांच्या मुलांना शाळेत पाठवणे सक्तीचे करावे आणि ज्या पालकाचे उत्पन्न महिना दहा रुपयांहून कमी त्याच्याकडून फी घेऊ नये, अशी त्यात तरतूद होती. सुरुवात फक्त मुलग्यांपासून, मुली नंतर. हे वाचून मी थोडी रागावले. पण तेवढेही तेव्हाच्या लोकांना जड झाले. १९१२ च्या मार्चमध्ये विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. सरकारी सभासदांबरोबर काही हिंदी जमीनदारही विरोधात गेले. सगळ्या मुलामुलींसाठी शिक्षणाच्या हक्काचा कायदा अमलात आला तो १ एप्रिल २०१० रोजी. त्यानंतर दोन वर्षांनी मी पहिलीत गेले.

गेल्या जूनमध्ये दादा एक फॉर्म घेऊन घरी आला. त्याच्या बोटीवर दोन नेपाळी खलाशी आहेत. त्यांतल्या एकाने बायको आणि मुलगा इकडे आणला होता, मुलाला शाळेत घालायचे होते आणि जन्माचा दाखला नव्हता. दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही हे मला टिपणाच्या निमित्ताने माहीत झाले होते. फॉर्म मी भरला. दुसऱ्या दिवशी दादा त्या दोघा बापलेकांना घेऊन शाळेत गेला आणि मुलाचे नाव पहिलीच्या पटावर लागले.

गांधीजी ९ जानेवारी १९१५ रोजी मुंबईला उतरले. पुण्याला भारत सेवक समाजात ते आले तेव्हा गोखले फार थकलेले होते. सगळ्यांना भेटायला म्हणून बाहेर आले आणि तिथेच त्यांना घेरी आली. १९ फेब्रुवारीच्या रात्री ते गेले. वय अठ्ठेचाळीस. जन्मभर ज्यांच्याशी वाद झाला ते टिळक स्मशानात आले आणि जमलेल्यांपुढे त्यांच्याविषयी आदराने बोलले. बातमी कळली तेव्हा गांधीजी शांतिनिकेतनात होते. तिथून ते लगेच पुण्याला निघाले.